मोकळ्या मेमरीचा आकडा: व्हीएमस्टॅट आणि फ्री या आज्ञांची पार्श्वभूमी

१९७९ च्या अखेरीस बीएसडी युनिक्सच्या तिसऱ्या आवृत्तीने व्हॅक्स संगणकांवर डिमांड पेजिंग (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, म्हणजे पेजे, गरज पडेल तेव्हाच डिस्कवरून आणण्याची पद्धत) आणले, आणि ते पेजिंग नीट चालले आहे की नाही हे पाहण्यासाठी मेमरीच्या हालचालीचे आकडे रकान्यांत दाखवणारी व्हीएमस्टॅट ही आज्ञा बीएसडीच्या परंपरेत रुजली. तिचे जुने रकाने त्या काळच्या कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, रचनेशी घट्ट बांधलेले होते. कोणते पेज अलीकडे वापरले गेले याची नोंद व्हॅक्सचे हार्डवेअर ठेवत नसे. म्हणून कर्नल पेजवर अवैध असल्याची खूण करीत असे आणि प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) पुन्हा हात घालताच ते तिला परत देत असे. ‘आरई’ हा रकाना अशा परत दिलेल्या पेजेसचा, तर ‘एसआर’ हा जुनी पेजे शोधण्यासाठी दर सेकंदाला तपासलेल्या पेजेसचा होता. मोकळ्या पेजेसची यादी ठरावीक मर्यादेखाली गेली की ही तपासणी सुरू होई. वाचलेल्या फाइलींचा मजकूर मेमरीत धरून ठेवणारा बफर कॅश वेगळा आणि मर्यादित असल्यामुळे मोकळ्या मेमरीचा आकडा कमी होणे म्हणजे प्रोसेसना मेमरी अपुरी पडू लागणे, हा अर्थ तेव्हा बऱ्याच अंशी खरा होता.

ही माहिती मिळवण्यासाठी आज्ञेला कर्नलची मेमरी थेट वाचावी लागे आणि त्यासाठी विशेष परवानगीही लागे. लिनक्सने ‘/प्रॉक’ या निर्देशिकेतल्या साध्या मजकुरी फाइलींतून तीच माहिती खुली केल्याने हा प्रश्न सुटला. पण आकड्याच्या अर्थाचा प्रश्न त्याआधीच निर्माण झाला होता. फाइलींचा कॅश आणि प्रोसेसना दिली जाणारी व्हर्च्युअल मेमरी एकाच पेजसाठ्यातून चालवण्याची पद्धत १९८० च्या दशकापासून निरनिराळ्या युनिक्स प्रणालींत रुजली, आणि रिकामी राहिलेली मेमरी फाइलींच्या कॅशसाठी वापरणे हेच शहाणपणाचे ठरले. परिणामी काही तास चाललेल्या निरोगी यंत्रावरही ‘फ्री’ रकाना तळाला टेकलेला दिसू लागला. सन कंपनीच्या सोलारिस या युनिक्सच्या जुन्या आवृत्त्यांवर अडचण आणखी मोठी होती, कारण साध्या फाइलवाचनामुळेही पेजिंगचे आकडे वाढत आणि ‘एसआर’ शून्यावर राहत नसे. तेथे आठव्या आवृत्तीत कॅशची रचनाच बदलण्यात आली. लगेच परत घेता येतील अशी फाइलपेजे मोकळ्या मेमरीत मोजली जाऊ लागली, ‘एसआर’ पुन्हा खऱ्या टंचाईचे लक्षण ठरला, आणि प्रोग्रॅम, प्रोसेसचा खासगी डेटा व फाइली यांचे पेजिंग वेगवेगळे दाखवणारा पर्याय व्हीएमस्टॅटला मिळाला. म्हणजे नाव तेच ठेवून आकड्याचा अर्थ बदलण्याचा मार्ग सोलारिसने निवडला.

लिनक्सने हा मार्ग घेतला नाही. तेथे ‘फ्री’ म्हणजे शब्दशः न वापरलेली मेमरी, हीच व्याख्या कायम राहिली आणि बेरीज-वजाबाकीचे काम वापरणाऱ्यावर सोडले गेले. मेमरीचा सारांश दाखवणाऱ्या फ्री या आज्ञेत बफर आणि कॅश वजा-अधिक करून दाखवणारी दुसरी ओळ होती. देखरेखीच्या असंख्य स्क्रिप्ट तीच ओळ वाचत, किंवा ‘/प्रॉक’मधल्या ‘मेमइन्फो’ या फाइलीतील मोकळी मेमरी आणि कॅश यांची बेरीज करून किती जागा उरली आहे हे ठरवीत. ही बेरीज हळूहळू चुकीची होत गेली. सामायिक मेमरी आणि मेमरीत फाइली ठेवणाऱ्या टीएमपीएफएसमधल्या फाइली कॅशमध्ये मोजल्या जातात, पण त्या नुसत्या टाकून देता येत नाहीत. उलट कर्नलच्या स्वतःच्या नोंदींसाठी असलेल्या मेमरीचा, म्हणजे स्लॅबचा, मोठा भाग परत घेता येतो आणि तो कॅशमध्ये मोजलाच जात नाही. मोठ्या सामायिक मेमरीवर चालणाऱ्या डेटाबेसच्या यंत्रावर ही चूक कित्येक गिगाबाइटांची होऊ शकते, आणि तीही भरपूर मेमरी शिल्लक आहे असे भासवणारी, म्हणजे अधिक धोकादायक बाजूची.

मार्च २०१४ मध्ये आलेल्या कर्नल ३.१४ ने ‘मेमअव्हेलेबल’ हा नवा आकडा दिला. स्वॅप न करता, म्हणजे मेमरीतली पेजे डिस्कवर न हलवता, नव्या प्रोग्रॅमला किती मेमरी देता येईल, याचा तो अंदाज असतो. राखीव मर्यादा मोकळ्या मेमरीतून वजा करायची, मग फाइलकॅश आणि परत घेता येणारा स्लॅब यांचा काही भाग राखून उरलेला त्यात मिळवायचा, असा हिशेब कर्नल स्वतः करतो. येथेच खरा मतभेदाचा मुद्दा आहे. ‘मेमइन्फो’तील बहुतेक ओळी मोजलेल्या राशी सांगतात, त्यांच्या शेजारी अंदाज बसवणे, आणि त्यातही कॅशचा सुमारे अर्ध्यापर्यंतचा भाग राखून ठेवण्यासारखा ढोबळ नियम वापरणे, कितपत योग्य, हा आक्षेप वजनदार आहे. तरीही प्रस्तुत लेखकाला तो निर्णय बरोबर वाटतो. अंदाज तर प्रत्येक स्क्रिप्ट आधीपासून बांधतच होती. फक्त कोणते पेज सोडता येते हे ज्याला ठाऊक असते त्या कर्नलने तो बांधला, आणि कर्नलची रचना बदलली तर सूत्रही तेथेच बदलता येईल अशी सोय झाली. त्याच वर्षी फ्री आज्ञेतील जुनी ओळ काढून तिच्या जागी ‘अव्हेलेबल’ हा रकाना आला, आणि ओळ मोजून आकडा उचलणाऱ्या स्क्रिप्ट मोडल्या. व्हीएमस्टॅटच्या नेहमीच्या तक्त्यात मात्र मोकळी मेमरी, बफर आणि कॅश हेच रकाने राहिले. त्यामुळे तेथे ‘एसआय’ (स्वॅपमधून आत आलेली मेमरी) आणि ‘एसओ’ (स्वॅपमध्ये बाहेर गेलेली मेमरी) यांतील सततची हालचाल हाच अधिक विश्वसनीय संकेत मानावा. पहिली ओळ यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असल्याने ती त्यासाठी विचारात घेऊ नये.

कंटेनर (एकाच कर्नलवर वेगळे ठेवून चालवलेले प्रोसेसचे गट) आल्यावर हा नवा आकडाही अपुरा पडला. ‘मेमइन्फो’ साधारणपणे संपूर्ण यंत्राची स्थिती सांगते, त्यामुळे कंटेनरच्या आत चालवलेली फ्री आज्ञा त्याच्यावर घातलेली मर्यादा दाखवत नाही. ती मर्यादा सीग्रुपच्या, म्हणजे प्रोसेसच्या गटांवर मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या, फाइलींत पाहावी लागते. डिसेंबर २०१८ मधील कर्नल ४.२० ने तर मोजण्याची दिशाच बदलली. ‘/प्रॉक/प्रेशर/मेमरी’ या फाइलीत मेमरीसाठी काम किती काळ खोळंबले याचे १०, ६० आणि ३०० सेकंदांच्या सरासरीतील टक्के मिळतात: ‘सम’ या ओळीत निदान एखादे काम अडलेला काळ, आणि ‘फुल’ या ओळीत सगळीच कामे एकाच वेळी अडलेला काळ. किती पेजे उरली यापेक्षा टंचाईने किती वेळ गेला, हे या आकड्यांतून कळते, आणि हीच मोजणी सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक गटासाठी स्वतंत्रपणेही उपलब्ध आहे.