सिमेंटचा बाजारहिस्सा : अंश सगळे सांगतात, छेद कोण सांगतं?

सिमेंटच्या गोणीवर कंपनीचं नाव लांबून दिसेल इतकं मोठं असतं. खाली बारीक छपाईत आयएसआय चिन्ह, एक परवाना क्रमांक आणि गोणी कितव्या आठवड्यात भरली तो आकडा असतो. आठवडा बघून डीलर माल ताजा आहे की नाही ते ठरवतो. बाजाराचा अभ्यास करणाऱ्याने मात्र परवाना क्रमांक बघावा, कारण तो एकेका कारखान्याला मिळतो. एकाच दुकानात एकाच ब्रँडच्या दोन गोण्या दोन राज्यांतून आलेल्या असू शकतात. म्हणूनच ‘अमुक कंपनीचा हिस्सा इतके टक्के’ असं कुणी सांगितलं, की माझा पहिला प्रश्न असतो : छेदस्थानी काय धरलंय, म्हणजे हे टक्के कोणत्या एकूण आकड्याचे?

भारतात हा छेद प्रत्येक काळात वेगळ्या हातात होता. पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंट निघू लागलं. पहिल्या महायुद्धानंतर भराभर कारखाने उभे राहिले, मागणीपेक्षा माल जास्त झाला आणि कंपन्यांनी एकमेकींचे भाव पाडले. त्यातून १९३० मध्ये सिमेंट मार्केटिंग कंपनी निघाली. विक्री एकत्र करायची आणि प्रत्येक कारखान्याचा कोटा आधीच ठरवायचा, अशी ती व्यवस्था होती. १९३६ मध्ये एफ. ई. दिनशॉ यांच्या प्रयत्नांतून टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि दिनशॉ गटांच्या कंपन्या मिळून एसीसी (असोसिएटेड सिमेंट कंपनीज) झाली. विलीनीकरण प्रत्यक्षात आलं तेव्हा दिनशॉ हयात नव्हते. या काळात हिस्सा बाजारात कमवायचा नव्हता, तो बैठकीत वाटून मिळत होता.

स्वातंत्र्यानंतर वाटणारा हात सरकारचा झाला. १९५६ मध्ये वितरण स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे गेलं आणि वाहतूक खर्च सगळ्यांवर सारखा पसरवून देशभर एक भाव ठेवला गेला. या समान भाड्याचा परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. कारखाना दोनशे किलोमीटरवर असो की हजार, ग्राहकाला भाव तोच. अंतराला किंमतच उरली नाही, त्यामुळे प्रादेशिक हिस्सा मोजण्यात फारसा अर्थ नव्हता.

टंचाईचे चटके महाराष्ट्राने चांगलेच सोसले. घर बांधायचं तर आधी सिमेंटचं परमिट. बिल्डरांना कोट्यापलीकडे सिमेंट देऊन त्या बदल्यात ट्रस्टला देणग्या घेतल्याच्या आरोपावरून मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात निकाल लागला आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. (पुढचा फौजदारी खटला वर्षानुवर्षे चालला, त्यात त्यांना शिक्षा झाली नाही.) फेब्रुवारी १९८२ च्या अखेरीस केंद्राने अंशतः नियंत्रण उठवलं : जुन्या कारखान्यांनी सुमारे दोन तृतीयांश माल लेव्हीत, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावात, द्यायचा, बाकीचा खुल्या बाजारात विकायचा. मार्च १९८९ मध्ये उरलेलं नियंत्रणही गेलं.

तेव्हापासून अंतर पुन्हा महाग झालं. भट्टीत चुनखडी भाजून क्लिंकर म्हणजे कडक खडे निघतात, ते दळून सिमेंट होतं. एक टन क्लिंकरला साधारण दीड टन चुनखडी लागते, म्हणून भट्टी खाणीजवळच असावी लागते. आपल्याकडे ती चंद्रपूरच्या कोरपना-राजुरा पट्ट्यात आहे. पण मोठा ग्राहक मुंबई-पुण्याकडे. तिथे चंद्रपूरचा माल रेल्वेने येतो, सौराष्ट्राचा जहाजाने. सोलापूरजवळ होटगीला तर क्लिंकर बाहेरून आणून फक्त दळलं जातं. मग होटगीची क्षमता महाराष्ट्राची धरायची की क्लिंकर जिथे भाजलं त्या राज्याची? दोन्ही पद्धती प्रचलित आहेत आणि उत्तरं वेगळी येतात.

फ्लाय अ‍ॅशने गुंता आणखी वाढवला; ही औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख सिमेंटमध्ये मिसळतात. शंभर टन क्लिंकरपासून साधं सिमेंट (ओपीसी) सुमारे १०५ टन बनतं. तीस टक्के राख मिसळून मिश्र सिमेंट (पीपीसी) केलं तर दीडशे टनांच्या आसपास. भट्टी तीच, पण कागदावरची क्षमता दीडपट. कंपन्यांच्या सादरीकरणात हिस्सा बहुतेक वेळा याच क्षमतेवर काढलेला असतो, आणि विकत घेतलेल्या पण निम्म्या चालणाऱ्या कारखान्याचीही क्षमता त्यात पूर्ण मोजली जाते.

विकलेल्या मालाचा आकडा जास्त खरा. एके काळी तो मिळायचा. सिमेंट मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन कंपनीनिहाय उत्पादन आणि पाठवणी गोळा करून प्रसिद्ध करत असे. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने जून २०१२ मध्ये अकरा कंपन्यांना सहा हजार कोटींहून अधिक दंड केला. या आकड्यांच्या देवाणघेवाणीने संगनमताला हातभार लागला, हा निष्कर्षाचा एक आधार होता. तो आदेश २०१५ मध्ये प्रक्रियेच्या कारणाने रद्द झाला, २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. दर महिन्याचे कंपनीनिहाय आकडे मात्र बाहेर येणं थांबलं. आयोगाचं म्हणणं मला पटतं, पण स्वतंत्र अभ्यासकाचं नुकसान झालं हेही खरं.

आता तुकडे जोडावे लागतात. आठ पायाभूत उद्योगांच्या मासिक निर्देशांकात सिमेंट आहे. २०११-१२ पायावर्षाच्या मालिकेत त्याचं वजन ५.३७ टक्के. त्यावरून देशातलं उत्पादन वाढलं की घटलं ते कळतं, कुणाचं ते कळत नाही. रेल्वेच्या सिमेंट-क्लिंकर लोडिंगवरून लांबच्या वाहतुकीचा अंदाज येतो. कंपन्यांच्या तिमाही निकालात विकलेले टन असतात, पण बहुधा देशभराचे एकत्र. ते प्रदेशात वाटायला शेवटी डीलरकडेच जावं लागतं, गोण्या बघाव्या लागतात.

छेद बदलला की काय होतं, ते २०१५ मध्ये दिसलं. लाफार्ज आणि होल्सिम या दोन युरोपीय सिमेंट कंपन्यांचं जगभर विलीनीकरण होत होतं. भारतात एसीसी आणि अंबुजा तेव्हा होल्सिमकडे होत्या. देशपातळीवर लाफार्जची भर छोटी दिसत होती. आयोगाने मात्र पूर्व भारत हा वेगळा बाजार धरला. तिथे दोघांची बेरीज जड झाली आणि जोजोबेरा (झारखंड) व सोनाडीह (छत्तीसगड) इथले लाफार्जचे कारखाने विकण्याची अट आली. अखेर २०१६ मध्ये विलीन झालेल्या लाफार्जहोल्सिमने लाफार्जचा भारतातला सगळा सिमेंट व्यवसाय निरमाला विकला.