किशोरवयीन व्यसनप्रतिबंध : बेळगाव सीमाभाग

दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना तंबाखू, दारू, गांजा किंवा हुंगण्याच्या द्रव्यांची सवय लागू नये, त्यांची पहिली चव होईल तितकी पुढे ढकलली जावी आणि चव घेतलीच तर तिचे व्यसन होऊ नये, म्हणून कुटुंब, शाळा, गाव व शासन जे काम करतात त्याला व्यसनप्रतिबंध म्हणतात. व्यसनमुक्ती हे नंतरचे काम असून ते दवाखान्याचे व समुपदेशकाचे आहे. प्रतिबंध मात्र घराच्या ओसरीवर, पानाच्या टपरीपुढे आणि बसथांब्यावर होतो किंवा होत नाही. ही नोंद कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या मराठीभाषक पट्ट्यापुरती आहे. या पट्ट्यात बेळगाव शहर व तालुका, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि कागवाड-अथणीकडचा महाराष्ट्राला लागून असलेला भाग येतो. २०१४ पासून शहराचे व जिल्ह्याचे सरकारी नाव बेळगावी आहे.

वयाचा प्रश्न

मेंदूतील पुढचा भाग, म्हणजे परिणामांचा विचार करून हात आवरणारा भाग, साधारण पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. सुखाची चटक लावणारी यंत्रणा त्याच्या आधीच जागी होते. त्यामुळे तेराव्या वर्षी सुरू केलेली वस्तू सुटणे एकविसाव्या वर्षी सुरू केलेल्या वस्तूपेक्षा कठीण जाते.

देशपातळीवर २०१९ मध्ये झालेल्या युवक तंबाखू पाहणीत १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखूचे कोणते ना कोणते रूप वापरताना आढळले. त्याहून बोलका आकडा सुरुवातीच्या वयाचा आहे. कधी ना कधी धूरविरहित तंबाखू वापरलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी ती वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच तोंडात टाकली होती. या वयात मुलगा ‘वाईट संगतीत’ पडलेला नसतो, तो घरात असतो. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पाहणीत हुंगण्याच्या द्रव्यांबाबत वेगळेच चित्र दिसले. १० ते १७ वयोगटात ती वापरणारे १.१७ टक्के होते, प्रौढांत ०.५८ टक्के. मुलांचे प्रमाण प्रौढांपेक्षा जास्त असलेला हा एकच प्रकार आहे. पंक्चर काढण्याचे सोल्युशन आणि व्हाइटनर यांना ना वयाची अट आड येते, ना किमतीची.

तीन राज्यांच्या कडेला

सीमाभागाची अडचण नकाशातच आहे. चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो आणि तिथे दारू स्वस्त आहे. निपाणीपासून कागल आणि कागवाडपासून मिरज जवळ, म्हणजे महाराष्ट्र हाकेच्या अंतरावर. तिन्ही राज्यांचे कायदे वेगळे आहेत. कर्नाटकात व गोव्यात दारूसाठी वयाची अट २१ वर्षे, तर महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्याबरोबर पानमसाल्यावरही बंदी घातली आणि पुढे ती सुगंधी तंबाखूलाही लागू केली. कर्नाटकाने २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी आणली, पण तंबाखू नसलेला पानमसाला विकायला मोकळा ठेवला. मग मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची एक पुडी शेजारीशेजारी टांगलेली दिसते, आणि गिऱ्हाईक ती तळहातावर एकत्र करतो. बंदीचा कागद दोन्हीकडे आहे, माल मात्र ज्या बाजूला सैल दोरी त्या बाजूने वाहतो.

दुसरी अडचण भाषेची आहे. कर्नाटक शासनाची भित्तिपत्रके, शाळांतले कार्यक्रम, आरोग्य खात्याची पुस्तिका प्रामुख्याने कन्नडमध्ये असते. मराठीत या विषयावर उत्तम साहित्य आहे, पण ते महाराष्ट्राच्या शाळांसाठी निघते आणि सीमेवर थांबते. मुलगा शाळेत कन्नड शिकतो, त्याला पत्रक वाचता येते. त्याच्या आईला आणि आज्जीला ते वाचता येत नाही, आणि पत्रक खरे तर त्यांच्यासाठी असते. सीमाभागात प्रतिबंधाचे काम करणाऱ्याने पहिली गोष्ट कोणती करावी असे विचारले तर उत्तर हेच : माहिती मराठीत, मोठ्या अक्षरांत, महिला मंडळाच्या भिशीत पोहोचवावी.

निपाणीचा पेच

निपाणी ही विडी-तंबाखूची जुनी पेठ आहे. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी इथे पुणे-बंगळूर महामार्ग अडवून तंबाखूच्या भावासाठी आंदोलन केले आणि गोळीबारात बारा शेतकऱ्यांचा बळी गेला. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांच्या कष्टावर इथली कित्येक घरे उभी राहिली. अशा गावात ‘तंबाखू हे विष आहे’ असा फलक लावून कोणी आले तर लोक ऐकून घेतात आणि कामाला लागतात. ज्या वस्तूसाठी गावाने माणसे गमावली, तिच्यावर बाहेरच्याने दोन शब्दांत निकाल देऊन चालत नाही.

इथे बोलायचे ते मुलांच्या हाताबद्दल. ओल्या पानातील निकोटिन कातडीतून अंगात शिरते, मळमळ व चक्कर येते. विडी वळण्याच्या कामाला बालकांना लावणे १९८६ च्या बालकामगार कायद्याने मना आहे. सुपात तंबाखू पडलेली असताना पोराला जवळ बसवून अभ्यास करायला लावणेही टाळायला हवे. ही भाषा निपाणीच्या बायकांना पटते, कारण खोकला आणि हातांची जळजळ त्यांनी स्वतः भोगलेली असते. मिसरीचाही विचार इथेच करावा. भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावणारी आज्जी स्वतःला व्यसनी समजत नाही, आणि तिची डबी घरातल्या सगळ्यांत लहान नातीच्या हाताला लागेल अशा ठिकाणी असते.

घर

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि सैन्यातून निवृत्त झालेला एखादा बाप, काका किंवा मामा बहुतेक भावकीत सापडतो. त्यामुळे भरतीसाठी पहाटे धावणारी पोरे हे या भागाचे मोठे भांडवल आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी वैद्यकीय तपासणी डोळ्यांपुढे असलेला मुलगा सहसा गुटख्याला हात लावत नाही. पण त्याच घराच्या कपाटात कॅन्टीनची बाटलीही असते, आणि पाहुणे आले की ग्लास व चकली आणायला पोरालाच सांगितले जाते. बापाने पिऊ नये असे म्हणणे सोपे, घडवणे कठीण. त्यापेक्षा गाठता येण्यासारखी पायरी अशी : मुलाला तंबाखू-दारू आणायला पाठवायचे नाही, त्याच्यासमोर बैठक मांडायची नाही, कपाटाला कुलूप लावायचे.

जगभरच्या अभ्यासांतून घराबाबत तीन गोष्टी पुनःपुन्हा पुढे आल्या आहेत. मूल कुठे आहे, कोणाबरोबर आहे हे आईबापांना माहीत असणे. नियम थोडे, स्पष्ट आणि दोघांचे सारखे असणे. आणि चूक सांगितल्यावर मार बसणार नाही याची मुलाला खात्री असणे. तिसरी गोष्ट आपल्याकडे सर्वांत कच्ची आहे. खिशात पुडी सापडली की पहिली थप्पड आणि मग ‘लोक काय म्हणतील’. त्यानंतर पुडी खिशात सापडत नाही, एवढाच फरक पडतो. विचारायचे तर जेवताना, गाडीवर मागे बसवून शेताकडे जाताना विचारावे. समोरासमोर बसवून घेतलेल्या जबानीत कोणतेच पोर खरे बोलत नाही.

एकत्र कुटुंबात आज्जी-आजोबा, चुलते घरात असतात हा आधार आहे. पण जो चुलता पुतण्याला यात्रेत ‘आता मोठा झालास, घे थोडी’ म्हणतो तोही त्याच कुटुंबातला असतो. बेळगाव-खानापूरकडच्या लक्ष्मी यात्रा कित्येक वर्षांनी एकदा भरतात. घरटी पाहुण्यांची रीघ लागते, मटणाच्या पंगती उठतात आणि अनेकांचा पहिला घोट याच दिवसांतला असतो. यात्रा कमिटीने आधीच्या बैठकीत ‘अठराखालच्या पोरांच्या हाती ग्लास दिसला तर घरमालक जबाबदार’ असे ठरवले तर पोलिसांपेक्षा त्याचा धाक जास्त राहील.

दहावीनंतरची दोन वर्षे

गावच्या मराठी शाळेतून दहावी झालेली मुले पीयूसीसाठी, म्हणजे अकरावी-बारावीसाठी, बेळगाव, खानापूर किंवा निपाणीला येतात. बसचा पास, पहिला मोबाइल, खिशात थोडे पैसे, आणि सकाळच्या तासानंतर दुपारच्या बसपर्यंत रिकामे तास. शिवाय विज्ञान-वाणिज्याला गेलेल्यांचे माध्यम एका रात्रीत मराठीचे इंग्रजी होते. पहिल्या चाचणीत नापास झालेला, वर्गात हात वर न करणारा हुशार मुलगा बसस्थानकामागच्या टोळक्यात लवकर सापडतो. पुलाचे वर्ग, म्हणजे मे-जूनमध्ये इंग्रजी संज्ञांची ओळख करून देणारे वर्ग, कोणी व्यसनप्रतिबंधात मोजत नाही. माझ्या मते ते व्याख्यानमालेपेक्षा जास्त उपयोगाचे आहेत.

मुलींचा प्रश्न कमी बोलला जातो. त्यांच्यात मिसरी आणि सुगंधी सुपारी दिसते आणि लपवाछपवी जास्त असते, त्यामुळे मदतही उशिरा मिळते.

गावाची ताकद

आइसलंड या देशात १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिन्यात एकदा तरी दारूच्या नशेत होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले आणि रोज सिगारेट ओढणाऱ्यांचे २३ वरून ३ टक्क्यांवर. त्यांनी मुलांना भाषणे दिली नाहीत. संध्याकाळी खेळ, संगीत, नाटक यांची सोय केली, त्यासाठी पैसे दिले, रात्री मुलांनी घराबाहेर राहण्यावर वेळेची मर्यादा घातली आणि पालकांकडून आपापसांत करार करून घेतले. श्रीमंत व छोट्या देशाचे हे उदाहरण जसेच्या तसे खानापूरला लागू होणार नाही. पण संध्याकाळी सहा ते नऊ हे तास ज्याच्या ताब्यात, मूल त्याच्या ताब्यात, हे तिथेही खरे आणि इथेही.

सीमाभागात त्या तासांसाठी जुन्या जागा आहेत. गावोगावच्या तालमीत लाल मातीला पाय लावायचा तर तंबाखू बाहेर ठेवावी लागते. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी दारूला शिवत नाही, आणि हरिपाठाला टाळ धरणारी दहा-बारा पोरे अजूनही बऱ्याच गावांत मिळतात. ढोल-ताशा, लेझीम, शिवजयंतीच्या चित्ररथाची तयारी, कबड्डीचे संघ यांतूनही मुले मोठ्यांच्या नजरेखाली राहतात. मंडळांचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे. विसर्जनाच्या रात्री डीजेच्या गाडीमागे बाटली फिरते, आणि वर्गणीचा हिशेब सोळा वर्षांच्या पोरांच्या हाती असतो. मंडळ वाईट की चांगले हे त्याच्या अध्यक्षावर ठरते.

दारूच्या दुकानाबाबत सीमेपलीकडे एक हत्यार आहे जे इकडे नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ला मत दिले तर गावातले परवान्याचे दुकान बंद होते. कर्नाटकात ग्रामसभेला असा अधिकार द्यावा ही महिला आंदोलनांची जुनी मागणी आहे. २००७ पासून राज्यात सरकारमान्य सारायी, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद झाली, पण ९० मिलीचे पाकीट किराणा दुकानात चोरून मिळते अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. अशा विक्रीला परवाना नसतोच, त्यामुळे ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) व अबकारी खात्याकडे लेखी तक्रार देता येते. बायका घोळक्याने गेल्या तर तक्रार नोंदली जाते, एकटी गेली तर तिचे नाव आधी दुकानदाराला कळते.

कायदा

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला बंदी केली. कर्नाटकाच्या दुरुस्तीने तंबाखू खरेदीचे वय १८ वरून २१ झाले, हुक्का बार बंद झाले आणि सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचा दंड हजार रुपयांवर गेला. २०२५ पासून ही दुरुस्ती अमलात आहे. इलेक्ट्रॉनिक सिगारेट २०१९ पासून देशभर बंद आहे. सर्वांत कडक तरतूद २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे. अठराखालच्या मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शाळेच्या एसडीएमसीने, म्हणजे पालकांच्या शाळा समितीने, हे कलम मराठीत छापून शेजारच्या टपरीवाल्याला प्रेमाने नेऊन दिले, तर पुष्कळ वेळा तेवढ्यावर भागते. टपरीवालाही गावचाच असतो आणि त्याचीही पोरे त्याच शाळेत असतात.

निरुपयोगी ठरलेले उपाय

सडलेल्या फुप्फुसांची चित्रे, माजी व्यसनी माणसाची थरारक कहाणी, २६ जूनची, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिनाची, फेरी आणि शपथ एवढ्यावर वर्षाचे काम संपवले तर उपयोग होत नाही. अमेरिकेत १९८३ मध्ये पोलिसांनी वर्गात जाऊन शिकवण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या मूळ रूपाचा पुढे अनेकदा अभ्यास झाला आणि मुलांच्या वापरावर टिकाऊ परिणाम दिसला नाही. घोळक्यात नाही कसे म्हणायचे, जाहिरात कशी फसवते, राग आला तर काय करायचे, याचा अनेक आठवडे वर्गात सराव करून घेणाऱ्या कार्यक्रमांचे निकाल बरे आहेत.

मदत कुठे

सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी स्नेह क्लिनिक चालते. पुढच्या उपचारासाठी बेळगावचे जिल्हा रुग्णालय आणि धारवाडची मानसिक आरोग्य संस्था डिम्हान्स जवळ पडते. मराठीत बोलायला मिळावे म्हणून निपाणी-चिकोडीकडचे लोक कोल्हापूर-मिरजेची वाट धरतात. पुण्यात १९८६ मध्ये अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण हे मराठीत चालणारे जुने केंद्र आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हे क्रमांक मोफत आहेत. गांजाच्या अल्प साठ्यासह पकडलेल्या व्यसनी व्यक्तीने आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ नुसार तिला खटल्यातून सूट मिळू शकते. अठराखालच्या मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, नेहमीच्या न्यायालयात नाही.