तान्ह्या बाळाची झोप आणि ऊन

मराठी घरांत बाळाची झोप आणि ऊन या दोन्ही गोष्टी सकाळच्या एकाच क्रमात येतात. आधी तेलाने मालीश, तेल जिरेपर्यंत कोवळ्या उन्हात धरणे, मग कोमट पाण्याने अंघोळ, ओवा-वावडिंगाची धुरी, आणि शेवटी दुपट्यात गुंडाळून पाळण्यात किंवा झोळीत झोपवणे. मायेचा स्पर्श आणि ठरलेली वेळ यांमुळे बाळ शांत होते, त्यामुळे हा क्रम मोडायचे कारण नाही. त्यातल्या काही पायऱ्या मात्र बदलायलाच हव्यात. धुरी त्यांपैकी पहिली, कारण धूर कसलाही असला तरी तो तान्ह्या फुफ्फुसांना बाधतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील मार्गदर्शनानुसार पहिल्या तीन महिन्यांत दिवसभरात १४ ते १७ तास, ४ ते ११ महिन्यांत १२ ते १६ तास आणि एक-दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास झोप लागते. यात दिवसाच्या डुलक्याही धरलेल्या आहेत.

झोप किती, यापेक्षा बाळ कसे झोपते हे महत्त्वाचे. वर्षभराचे होईपर्यंत रात्री आणि दुपारीही बाळाला उताणेच झोपवावे. उताणे ठेवले तर ओकलेले दूध श्वासनलिकेत जाईल, ही घरोघरची धास्ती. प्रत्यक्षात उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला असते, त्यामुळे वर आलेल्या दुधाला तिच्यात शिरायला चढ चढावा लागतो. पालथ्या बाळात हीच रचना उलटी होते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ मध्ये बाळांना पालथे झोपवू नये असे सांगितले आणि पुढच्या दशकभरात तिथले झोपेतले आकस्मिक शिशुमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पालथे ठेवायचे ते बाळ जागे असताना आणि कुणीतरी शेजारी बसून.

अंथरूण सपाट व घट्ट हवे. डोके गोल व्हावे म्हणून दिली जाणारी मोहरीची उशी, दोन्ही बाजूंचे लोड, जाड गोधडी, मऊ खेळणी यांत बाळाचे नाक दबू शकते. ही सगळी काढून ठेवावीत. जुन्या साडीची झोळी बाळाला आवडते, पण तिच्यात अंग वाकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. झोळीत नजरेसमोर झुलवावे. झोप लागली की उचलून अंथरुणावर ठेवावे. दुपटे छातीशी बेताचे, कमरेखाली सैल असावे, म्हणजे पाय मोकळे राहून खुब्याचे सांधे नीट बसतात. बाळ कुशीवर वळू लागले की गुंडाळणे थांबवावे. घरात झोपताना टोपरे नको.

कोवळ्या उन्हाने ‘ड’ जीवनसत्त्व मिळते, हा समज अर्धाच खरा आहे. ते तयार करणारे अतिनील किरण सकाळच्या तिरप्या उन्हात फारच थोडे असतात आणि माथ्यावरच्या उन्हात भरपूर असतात, पण त्या उन्हात तान्ह्याला नेणे योग्य नाही. म्हणूनच भारतातही पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब देण्याची शिफारस आहे.

काविळीचेही तसेच. इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५०च्या दशकात सिस्टर वॉर्ड या परिचारिकेला दिसले, की उन्हात ठेवलेल्या बाळाचा उघडा भाग फिका पडतो आणि झाकलेला पिवळाच राहतो. त्या निरीक्षणातून निळ्या प्रकाशाचा उपचार उभा राहिला. तो मोजून देता येतो, उन्हाचे माप मात्र घरी कळत नाही. पिवळेपणा पोटापायांपर्यंत उतरला, बाळ सुस्त झाले किंवा दूध ओढेना, तर ऊन दाखवत न बसता डॉक्टरांकडे न्यावे.

सहा महिन्यांआतील बाळाला थेट उन्हापासून दूरच ठेवावे. सावली, सैल सुती झबले आणि बाहेर पडताना रुंद कडेची टोपी हाच खरा बचाव. सनस्क्रीन सहा महिन्यांनंतर, उघड्या राहणाऱ्या भागांवर, दर दोन तासांनी लावावे. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊलाच ऊन चटका देते, तेव्हा तिथे ही काळजी लवकर सुरू होते. उकाड्यात सहा महिन्यांआतील बाळाला वरचे पाणी देऊ नये, अंगावर जास्त वेळा पाजावे. मान व पाठ घामेजली असेल तर एक कपडा कमी करावा. बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून ओढणी टाकली तर आतली हवा कोंडून तापते. उभ्या, बंद मोटारीत तर बाळाला क्षणभरही एकटे ठेवू नये. काचा थोड्या उघड्या ठेवल्याने आतली उष्णता फारशी कमी होत नाही.