‘ऑफ’ने बदलतो सौदा

सांगलीच्या हळद बाजारातल्या व्यापाऱ्याला परदेशी गिऱ्हाइकाचा मेल आला आणि त्यात शिपमेंट ‘पुट ऑफ’ करायची असं असेल, तर माल पुढच्या तारखेला जाणार. ‘कॉल ऑफ’ असेल तर सौदाच रद्द. ‘पुट’ म्हणजे ठेवणं आणि ‘कॉल’ म्हणजे बोलावणं एवढंच पाठ असणाऱ्याला यातला फरक कळणार नाही.

आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी या जोडक्रियापदांशी मुलांची गाठ पडते ती बहुधा पाठांतराच्या यादीत. मला ही पद्धत पटत नाही. मागे लागणारा छोटा शब्द स्वतःचं काम घेऊन येतो, ते आधी दाखवायला हवं. ‘ऑफ’मध्ये सुटणं, दूर जाणं आहे: ‘टेक ऑफ’ म्हणजे विमानानं जमीन सोडणं, ‘कट ऑफ’ म्हणजे तोडून वेगळं करणं, आणि ‘पुट ऑफ’ म्हणजे काम आजपासून लांब नेऊन ठेवणं. ‘अप’ पुष्कळदा काम तडीस नेतो. ‘ड्राय’ म्हणजे वाळणं. ‘ड्राय अप’ म्हणजे जत-आटपाडीकडचा ओढा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडतो तसं.

हेच काम मराठी दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. या ‘टाक’मध्ये फेकणं कुठेच नाही, संपवणं आहे. ‘ईट अप’ शिकवताना एवढं सांगितलं तरी पोरांचे डोळे चमकतात. अर्थात ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं, हे मात्र तसंच लक्षात ठेवावं लागतं.

हा छोटा शब्द जागाही बदलतो. ‘टर्न ऑफ द पंप’ चालतं, ‘टर्न द पंप ऑफ’ही चालतं. पण पंपाऐवजी ‘इट’ आलं की फक्त ‘टर्न इट ऑफ’; ‘टर्न ऑफ इट’ कुणी म्हणत नाही. उलट ‘लुक आफ्टर’मधला ‘आफ्टर’ हलत नाही: सांभाळायची शेळी असो की ‘इट’, तो तिच्या आधीच येणार. म्हणून नवीन जोडी भेटली की ‘इट’ घालून बघावं.

यातले काही शब्द तर आपल्या घरातलेच आहेत. इंग्रजी ‘ऑफ’ आणि संस्कृत ‘अप’, ‘आउट’ आणि ‘उद्’, ‘ओव्हर’ आणि ‘उपरि’ या जोड्या एकाच प्राचीन भाषेतून आल्या आहेत. ‘अपहरण’ म्हणजे अक्षरशः ‘कॅरी ऑफ’! अभिजात संस्कृतात उपसर्ग धातूला पुढून घट्ट चिकटला, पण ऋग्वेदात तो क्रियापदापासून सुटा, मध्ये दुसरे शब्द घेऊनही येतो. इंग्रजीतला ‘ऑफ’ अजून तसाच मोकळा आहे, फक्त क्रियापदाच्या मागच्या बाजूला.