शेतातून गॅसची पाइपलाइन गेलीय? जेसीबी लावण्याआधीची परवानगी, अर्ज आणि कागदपत्रं

रब्बी निघाली की गावात जेसीबीचा नंबर लागतो. कुणाला शेततळं घ्यायचंय, कुणाला सपाटीकरण करायचंय, ग्रामपंचायतीची नळयोजनेची चारी निघते, मध्येच फायबरवाले येतात. अशा कामाला ग्रामपंचायतीचा ठराव असला, कृषी खात्याची मंजुरी असली, तहसीलदारांचा मुरूम परवानाही असला, तरी यातला एकही कागद गॅस कंपनीच्या परवानगीऐवजी चालत नाही. मंजुरी देणाऱ्या कार्यालयाने तुमच्या गटातली लाइन तपासलेली असते, अशी समजूत करून घेऊ नका.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या मोठ्या लाइनी म्हणजे दहेज–उरण–पनवेल–दाभोळ, दाभोळ–बंगळुरू, काकीनाडा–भरूच आणि बराचसा भाग समृद्धी महामार्गालगत असलेली मुंबई–नागपूर–झारसुगुडा. या लाइनींसाठी सहसा जमीन विकत घेतलेली नसते. 1962 च्या पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायद्याने लाइनीभोवतीच्या जमिनीच्या पट्ट्याचा फक्त 'वापर हक्क' घेतलेला असतो. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, पीकही तुम्हीच घेता. पण त्या पट्ट्यात काय करायचं नाही हे कायद्याच्या कलम 9 मध्ये स्पष्ट आहे: इमारत किंवा कुठलंही बांधकाम नाही, विहीर, तळं, धरण नाही आणि झाड लावणं नाही. लाइनीला इजा होईल असं दुसरं काही करायचं नाही आणि कुणाला करूही द्यायचं नाही. म्हणजे भाड्याने आणलेल्या जेसीबीवाल्याने चूक केली, तरी प्रश्न तुम्हालाही विचारला जाणार.

त्यामुळे पट्ट्याच्या आत शेततळ्यासाठी किंवा विहिरीसाठी अर्ज करण्यात अर्थ नाही. ती परवानगी कंपनीचा साहेब मनात आणलं तरी देऊ शकत नाही. जागा बदला, एवढाच मार्ग. अर्ज लागतो तो लाइन ओलांडून जाणाऱ्या कामाला: रस्ता, पाण्याची पाइपलाइन, वीज किंवा फायबरची केबल, गटार. शिवाय पट्ट्याला खेटून होणाऱ्या खोदकामाची आणि बोअरची आधी सूचना द्यावी. सपाटीकरणाचं मात्र लोक विसरतात. लाइन टाकताना ती जमिनीखाली किमान 1 मीटर असावी लागते. वरची हात-दीड हात माती उचलून दुसऱ्या तुकड्यात टाकली, की तेवढं संरक्षण गेलं. पुढच्या वर्षी खोल नांगरट करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला याचा पत्ताही नसतो.

अर्ज कोणी करायचा? स्वतःच्या शेतातलं काम असेल तर जमीनमालकाने, आणि वाट्याने कसणारा असेल तर मालकाच्या संमतीपत्रासह त्याने. सरकारी योजनेचं काम असेल तर ते काम करणाऱ्या यंत्रणेने किंवा ठेकेदाराने. ठेकेदार "तुमच्या शेतातलं आहे, तुम्हीच सही आणा" म्हणाला तर ऐकू नका.

आधी लाइन नेमकी कुठे आहे ते बघा. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात कंपनीचं नाव किंवा वापर हक्काची नोंद आणि तिच्याखाली फेरफार क्रमांक दिसतो. तो फेरफार काढून घ्या, बाधित क्षेत्र त्यात सापडतं. पण वाटण्या होऊन पोटहिस्से पडले असतील तर नोंद भलत्याच हिश्शावर राहिलेली असू शकते, म्हणून जुना अखंड गटाचा उतारा आणि भावकीचे उतारेही पाहा. शेतात खुणेचे खांब असतात, त्यावर कंपनीचं नाव, किलोमीटरचा आकडा आणि फोन नंबर असतो. दोन बांधांवर दोन खांब दिसले म्हणून मधली लाइन सरळच असेल असं मात्र नाही, ती वळलेलीही असते. खांबावरून अंदाज बांधून दोरी धरायची नाही.

सूचना दोन ठिकाणी द्यायची. पहिली 'कॉल बिफोर यू डिग' या सरकारी मोबाइल अॅपवर. दूरसंचार विभाग आणि गांधीनगरच्या बायसॅग-एन संस्थेने बनवलेलं हे अॅप 22 मार्च 2023 रोजी सुरू झालं. नाव-नंबर नोंदवायचा, नकाशावर खोदायची जागा दाखवायची आणि कामाचा तपशील भरायचा. त्या भागात ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना संदेश आणि ईमेल जातो. दुसरी सूचना थेट कंपनीला, खांबावरच्या नंबरवर फोन करून आणि मग लेखी. अॅपवर कुणाचं उत्तर आलं नाही याचा अर्थ खाली काही नाही असा घेऊ नका. तेवढ्यावर भागवणं मला तरी धोक्याचं वाटतं.

लेखी अर्जाला चालू सातबारा, 8-अ, गटाचा नकाशा, शक्य असेल तर मोजणीची 'क' प्रत आणि ओळखपत्र जोडा. अर्जात खोदकामाची लांबी, रुंदी, खोली, तारीख आणि यंत्र कोणतं ते लिहा. ठेकेदाराकडून याशिवाय कार्यारंभ आदेश, ओलांडणीचा आराखडा, काम कसं करणार याचं टिपण आणि नुकसानभरपाईचं हमीपत्र मागितलं जातं. कंपनीगणिक यादी थोडी बदलते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

मग कंपनीचा माणूस येऊन यंत्राने लाइन शोधतो आणि खुणा करतो. लाइनीजवळचं खोदकाम कुदळ-फावड्याने, त्याच्या देखत. तो आला नाही तर काम पुढे ढकला, जेसीबीचं दिवसाचं भाडं गेलं तरी चालेल.

आणि बकेट लागलीच तर? लाइन फुटली नाही, नुसता ओरखडा आला, म्हणून माती ओढून मोकळं व्हायचा मोह होतो. खरा घात तिथेच आहे. पाइपवरचं आवरण खरवडलं की त्या जागी गंज धरतो, पाइपला पोचा आला असेल तर तिथला पोलाद कमजोर होतो, आणि आतला दाब तर कायमच असतो. खड्डा तसाच उघडा ठेवून कंपनीला कळवा. गळती झाली असेल तर मशीन बंद करून तिथेच सोडा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने लांब जा, विडी-काडी नाही, मोटारीचा खटका दाबणं नाही. लांब गेल्यावर खांबावरच्या नंबरला आणि 112 ला फोन. वास येत नाही म्हणून निश्चिंत राहू नका: घरगुती गॅसचा वास मुद्दाम घातलेला असतो, तर मोठ्या लाइनीतल्या गॅसला सहसा वास नसतो. शिट्टीसारखा आवाज, उडणारी धूळ, साचलेल्या पाण्यातले बुडबुडे यावरून ओळखायचं.

लाइनीचं मुद्दाम नुकसान केल्याचं सिद्ध झालं तर 1962 च्या कायद्यात 2011 ला झालेल्या दुरुस्तीनंतर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

ज्यांच्या शेतातून लाइन अजून जायची आहे, त्यांनी राजपत्रातल्या अधिसूचनेकडे लक्ष ठेवावं. हरकत 21 दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) द्यावी लागते. भरपाई म्हणून पट्ट्यातल्या जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के मिळतात, पीक आणि झाडांचं नुकसान वेगळं. रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. पुढे-मागे विहीर घ्यायचा विचार असेल तर तो हरकतीतच मांडा, कारण लाइन थोडी सरकवून मागायची वेळ तीच असते.