बँकेच्या हाती कारखाना, की कारखान्याच्या हाती बँक?

'मोठ्या कंपन्या औद्योगिक आणि वित्तीय भांडवलाची सांगड घालून वाढतात' हे वाक्य वाचताना एक प्रश्न सहसा विचारलाच जात नाही: कोण कोणाच्या घरात शिरलं?

जर्मनीत बँका उद्योगात शिरल्या. १८७० मध्ये स्थापन झालेली डॉइश बँक ठेवी घ्यायची, कर्ज द्यायची, कंपन्यांचे शेअर बाजारात आणायची आणि काही स्वतःकडेच ठेवायची. तिची माणसं कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळांवर बसत. १९२६ मधल्या डाइमलर आणि बेन्झच्या विलीनीकरणात तिचा मोठा हात होता. मार्क्सवादी अर्थतज्ज्ञ रुडॉल्फ हिल्फरडिंग यांनी १९१० मध्ये ज्याला वित्त भांडवल म्हटलं, ते हे.

अमेरिकेत उलटं घडलं, कारखानदारच सावकार झाला. मोटारी बनवणाऱ्या जनरल मोटर्सने १९१९ मध्ये जीमॅक ही कर्ज देणारी कंपनी काढली, कारण डीलरला साठा भरायला पैसा हवा होता आणि ग्राहकाला हप्ते. कर्ज हे इथे माल खपवण्याचं साधन. इथवर सगळं समजण्यासारखं आहे.

जनरल इलेक्ट्रिकची वित्त शाखाही १९३०च्या दशकात घरगुती उपकरणांच्या हप्त्यांसाठीच निघाली. पुढे जीई कॅपिटल म्हणून ती विमानं भाड्याने देण्यापासून क्रेडिट कार्ड आणि गृहकर्जापर्यंत पसरली. कंपनीचं पतमानांकन ट्रिपल ए, म्हणजे सर्वोच्च होतं. त्या जोरावर स्वस्तात कमर्शियल पेपर (थोड्या मुदतीच्या, विनातारण कर्जाचे रोखे) विकायचे आणि तो अल्पमुदतीचा पैसा लांबच्या मुदतीला लावायचा. नफा झकास दिसायचा. (टर्बाइन विकून असा नफा कमवायला किती घाम गाळावा लागला असता!) २००८ मध्ये कमर्शियल पेपरचा बाजार गोठला आणि सरकारी हमीचा आधार घ्यावा लागला. २००९ मध्ये लाभांश कापला गेला, ट्रिपल एही गेलं. २०१५ मध्ये जीईने या शाखेचा बहुतांश भाग विकायची घोषणा केली.

दोन्हींत जोखीम वेगळ्या दिशेने वाहते. पहिल्यात कारखाना बुडाला की बँकेला झळ लागते. पण बँक आतूनच पाहत असते, त्यामुळे तिला वेळीच कुणकुण लागू शकते. दुसऱ्यात कारखाना ठणठणीत असूनही वित्त शाखेपायी अडचणीत येतो. मला दुसरा प्रकार जास्त फसवा वाटतो, कारण बाहेरच्याला ती कंपनी यंत्रंच बनवताना दिसते.

अशा कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला, तर विभागवार नफ्याचा तक्ता आधी काढावा. वित्त शाखेची कर्जं कंपनीच्याच मालावर आहेत की भलत्याच धंद्यांना दिलीत, आणि तो पैसा किती मुदतीने उचललाय, हे तिथून पुढे शोधता येतं.