पार्श्वभूमी : अमेरिकी विद्यापीठात महिला आइस हॉकीचा नवा संघ कसा उभा राहतो

डेलावेअर विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३मध्ये दोन घोषणा एकत्र केल्या : फुटबॉल संघ वरच्या गटात जाणार आणि महिलांचा आइस हॉकी संघ सुरू होणार. वरवर पाहता दोन्हींचा काही संबंध दिसत नाही. पण अमेरिकी फुटबॉलच्या खालच्या गटात त्या वेळी ६३ शिष्यवृत्त्या देता येत आणि वरच्या गटात ८५. मुलांकडे वाढणाऱ्या २२ शिष्यवृत्त्यांच्या जोडीला मुलींकडेही काही वाढवावे लागते आणि महिला आइस हॉकीला तेव्हा १८ शिष्यवृत्त्यांची मुभा होती. हे आकडे शेजारी ठेवले की नवे संघ कुठून येतात ते कळते. खेळाची आवड असतेच, पण निर्णय बहुतेक वेळा कायदा, देणगी किंवा प्रवेशसंख्या या तिघांपैकी कशामुळे तरी होतो. प्रशिक्षक येते ती त्यानंतर.

कायदा म्हणजे १९७२चा ‘टायटल नाइन’. केंद्राचा निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगभेद चालणार नाही, एवढेच तो सांगतो. मैदानावर हे मोजायचे कसे, याच्या तीन कसोट्या १९७९मध्ये ठरल्या : विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात खेळाडू, मुलींसाठी खेळ वाढवत नेल्याचा इतिहास किंवा मुलींच्या मागणीची पूर्ण दखल. तिन्हींपैकी एक पुरते.

त्याआधीही मुली खेळत होत्या. ब्राउन विद्यापीठाच्या पेम्ब्रोक कॉलेजात १९६४मध्ये संघ निघाला. तो अमेरिकेतला पहिला महाविद्यालयीन महिला संघ मानतात. पण बहुतेक ठिकाणी मुलींचा संघ ‘क्लब’च राहिला, म्हणजे खर्चाचा बराच भार खेळणाऱ्यांच्याच खिशावर. कोलगेट विद्यापीठाच्या क्लबने अधिकृत दर्जा वारंवार मागितला आणि दरवेळी नकार ऐकला. शेवटी खेळाडू न्यायालयात गेल्या आणि १९९२मध्ये जिंकल्या. १९९३मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला. कारण पाहण्यासारखे आहे : दर्जा लागू होईपर्यंत दाद मागणाऱ्या मुली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या असणार होत्या. पुढच्या तुकडीने नव्याने दावा लावला आणि १९९७मध्ये संघाला मान्यता मिळाली. हाच संघ २०१८मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचला आणि जादा वेळेत क्लार्कसन विद्यापीठाकडून हरला.

१९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये महिला आइस हॉकी पहिल्यांदा खेळली गेली आणि अमेरिकेने कॅनडाला ३-१ हरवून सुवर्ण घेतले. मग गती आली. मिनेसोटा विद्यापीठाचा संघ १९९७-९८मध्ये उतरला होताच, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा-डुलुथ १९९९-२०००मध्ये आले. नव्या संघाच्या बांधणीचा डुलुथइतका चांगला धडा दुसरा नाही. पहिल्या प्रशिक्षक शॅनन मिलर यांनी नागानोत कॅनडाचा संघ सांभाळला होता, त्यामुळे कोणत्या देशात कोण कसे खेळते हे त्यांना ठाऊक होते. अमेरिकी शाळांमधल्या मुलींसाठी जुन्या विद्यापीठांशी झोंबत बसण्याऐवजी त्यांनी स्वीडनहून मारिया रूथ आणि एरिका होल्स्ट, तर फिनलंडहून गोलरक्षक तुउला पुपुत्ती यांना आणले. २००१मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची पहिली स्पर्धा झाली. चारच संघ होते. अंतिम फेरीत डुलुथने सेंट लॉरेन्सला ४-२ हरवले आणि पुढची दोन वर्षेही जेतेपद सोडले नाही. तेव्हा युरोपच्या बाजारात गर्दी नव्हती. आज प्रत्येक प्रशिक्षक तिथे असते, तो डाव पुन्हा तसाच साधणार नाही.

आजची अडचण वेळेची आहे. नियमानुसार दहावीनंतरच्या १५ जूनपासून खेळाडूशी थेट संपर्क साधता येतो आणि चांगल्या मुली त्यानंतर लवकरच शब्द देऊन मोकळ्या होतात. पहिल्या सामन्याच्या वर्षभर आधी नेमलेल्या प्रशिक्षकाला त्या वयोगटातली मधल्या दर्जाच्या मुलीच उरलेल्या दिसतात. डेलावेअरने पेन स्टेट विद्यापीठाच्या प्रशिक्षक-ताफ्यातल्या अॅलिसन कूमी यांना २०२४मध्ये नेमले. खेळायचे होते २०२५-२६मध्ये.

अशा वेळी सगळ्या जागा पहिल्या वर्षाच्या नवख्या मुलींनी भरण्याचा मोह होतो. तो टाळावा. २४ नवख्या घेतल्या तर पहिल्या वर्षी तिशीच्या आसपासचे सामने अनुभवाशिवाय खेळावे लागतात आणि चार वर्षांनी सगळ्या एकदम पदवीधर होऊन संघ पुन्हा शून्यावर येतो. म्हणून दुसऱ्या विद्यापीठातून बदली घेऊन येणाऱ्या खेळाडूंकडून दुसरे, तिसरे आणि चौथे वर्ष भरायचे. साधारण मांडणी १४-१५ आघाडीपटू, ८ बचावपटू आणि ३ गोलरक्षक अशी. सामन्यात चार फळ्यांना १२ आघाडीपटू आणि तीन जोड्यांना ६ बचावपटू लागतात, उरलेल्या दुखापतींसाठी. तिन्ही गोलरक्षक वेगवेगळ्या वर्षांतल्या हव्यात, हे विसरणारे फार आहेत. एकाच वर्षातल्या घेतल्या तर दोघी बाकावर कंटाळून दुसऱ्या वर्षीच बदली मागतात.

रिंकचे, म्हणजे बर्फाच्या मैदानाचेही तसेच. आकार २०० बाय ८५ फूट असला म्हणजे भागत नाही. फिगर स्केटिंगला थोडा मऊ बर्फ लागतो, हॉकीला त्याहून दोनेक अंश सेल्सिअस थंड आणि कडक. एकाच रिंकवर दोन्ही असतील तर सरावाची वेळ आणि बर्फाचे तापमान दोन्ही आधी लेखी ठरवून घ्यावे. स्केट्सना धार लावणारे यंत्र आणि ते चालवणारा पूर्णवेळ माणूस पहिल्या दिवसापासून हवा. गोलरक्षकाच्या पात्याची धार इतरांपेक्षा वेगळी असते, हे काम विद्यार्थी मदतनिसावर सोडण्यासारखे नाही.

पैसा असला की हे सगळे सोपे होते. २०१०मध्ये उद्योगपती टेरी पेगुला यांनी पेन स्टेटला ८.८ कोटी डॉलर देऊ केले, २०१२-१३मध्ये पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ एकदम पहिल्या श्रेणीत आले आणि पुढच्या वर्षी नवे रिंक उघडले. पण गुणवत्ता असूनही संघ टिकतो असे नाही. ऑलिंपिक सुवर्णविजेत्या लामुरू जुळ्या बहिणी ज्या नॉर्थ डकोटाकडून खेळल्या, त्या विद्यापीठाने महिला संघ २०१७मध्ये खर्चाचे कारण देऊन बंद केला. रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने २०२१मध्ये बंद केलेला संघ २०२३-२४मध्ये परतला, पण दोन हंगाम गेल्याने भरती जवळजवळ नव्याने करावी लागली.

२०२५-२६पासून हिशेब बदलला आहे. खेळाडूंशी झालेल्या न्यायालयीन समझोत्यात सामील झालेल्या विद्यापीठांना शिष्यवृत्त्यांची १८ची मर्यादा राहिली नाही. त्याऐवजी संघातच २६ खेळाडूंची मर्यादा आली. श्रीमंत विद्यापीठे आता सगळ्या २६ जणींना पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकतात. नव्या संघाच्या प्रशिक्षकाने त्यामुळे पगाराच्या आधी एकच प्रश्न विचारावा : २६पैकी किती जागांचे पैसे मंजूर आहेत, आणि किती वर्षांसाठी?